दार गळते, ते का?

स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होत नाही आणि झाकणाच्या कडेने फुसफुस वाफ येत राहते, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. घरातली बाई कुकर उतरवते, रिंग काढून पाण्याखाली धरते, पुसते, उलटी करून बसवते आणि काम भागते. भागले नाही तर बाजारातून नवी रिंग येते. हा दोष शोधण्याचा एक साधा आणि बऱ्यापैकी शास्त्रशुद्ध क्रम आहे, पण तसे आपण कधी म्हणत नाही. हाच कुकर माणूस आत उभा राहील एवढा मोठा केला आणि त्याचे दार गळू लागले, तर हाच क्रम चालतो का?

हा प्रश्न आम्हाला पडला तो रेणापूरजवळच्या एका टायर रिमोल्डिंगच्या शेडमध्ये. ऑक्टोबरचे दिवस होते. ऊस गाळपाचा हंगाम तोंडावर आला होता. निवाड्याच्या रेणा कारखान्याकडे आणि लातूर परिसरातल्या इतर कारखान्यांकडे लवकरच उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागणार होती. त्यामुळे शेडच्या दारात झिजलेल्या टायरांचे ढीग पडले होते. आम्ही आमच्या शाळेच्या नववीच्या मुलांना घेऊन 'रबराचे व्हल्कनीकरण' प्रत्यक्ष दाखवायला गेलो होतो. मुलांना जे दिसले ते व्हल्कनीकरणापेक्षा वेगळेच होते, आणि आमच्या मते जास्त मोलाचे होते.

आधी हे काम काय असते ते पाहू. झिजलेल्या टायरचा वरचा थर यंत्रावर घासून काढतात. त्यावर कच्च्या रबराचा पातळ थर आणि त्याच्यावर नक्षी असलेली तयार पट्टी चिकटवतात. मग टायरभोवती रबरी पिशवी चढवून असे वीसेक टायर एका मोठ्या लोखंडी नळकांड्यात टांगतात, दार बंद करतात आणि आत दाबाखालील गरम हवा भरतात. शेडमध्ये या नळकांड्याला सगळे 'चेंबर' म्हणतात. पुस्तकी नाव ऑटोक्लेव्ह. आत तापमान शंभर अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडे जास्त असते आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो. काही तासांत कच्च्या रबरातल्या लांब रेणूंच्या साखळ्यांना गंधकाचे आडवे पूल बांधले जातात आणि पट्टी टायरला कायमची जोडली जाते. दाब पुरेसा नसेल तर पट्टी आणि टायर यांच्यामध्ये हवेचे फुगे राहतात. असा टायर बाहेरून चांगला दिसतो. भरलेल्या ट्रॉलीखाली चार दिवस धावला की पट्टी सोलून निघते. म्हणून दार गळणे हा फक्त विजेच्या बिलाचा प्रश्न नसतो.

आम्ही गेलो तेव्हा चेंबर सुरू होता आणि दाराच्या खालच्या बाजूने स्पष्ट 'सूंऽऽ' असा आवाज येत होता. कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. मिस्त्री म्हणाला, "सर, दोन महिन्यांपासून असंच हाय. गॅस्केटखाली जुन्या ट्यूबची पट्टी घातली, तवा आठ दिवस बरं चाललं."

त्या पट्टीकडे आपण पुन्हा येऊ. आधी दारावर किती जोर येतो, हा हिशेब मुलांनी तिथेच फरशीवर खडूने केला.

घरचा कुकर घ्या. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलोने जास्त असतो. म्हणजे झाकणावर ३१४ किलोंचा रेटा येतो. मोंढ्यातल्या तीन क्विंटलहून जास्त सोयाबीनचे वजन त्या झाकणाला वर ढकलत असते, आणि आपण शेजारी उभे राहून कांदा चिरत असतो. आता चेंबरचे दार घ्या. त्याचा व्यास दीड मीटर. क्षेत्रफळ सुमारे १७,६७० चौरस सेंटिमीटर. त्याला ६ ने गुणले की १,०६,००० किलो, म्हणजे १०६ टन. मालासकट दहा टन वजनाचे दहा ट्रक एकावर एक रचून दारावर ठेवले तरी हा आकडा पुरा होत नाही. मुले गप्प झाली. खरे सांगायचे तर आम्हीही झालो. आम्ही दाराच्या अगदी समोर उभे होतो, ते बाजूला सरलो.

एवढा रेटा सहन करायला दार नुसते बोल्टांनी आवळलेले नसते. दाराच्या कडेला लोखंडी दात असतात आणि नळकांड्याच्या तोंडाशी तसेच दात असलेले कडे असते. दार लावून कडे थोडे फिरवले की दात दातांमागे जाऊन अडकतात. शेडमध्ये या कड्याला लॉक रिंग म्हणतात. असे सोळा दात धरले तर प्रत्येकावर साडेसहा टनांहून जास्त भार येतो. दात पूर्ण एकमेकांमागे गेले तरच हा हिशेब खरा. ते अर्धेच अडकले तर तोच भार निम्म्या धातूवर येतो आणि ताण दुप्पट होतो.

दाराचे काम आणि गॅस्केटचे काम यांत फरक आहे, आणि तो समजला नाही तर पुढचे सगळे चुकते. दार धरून ठेवायचे काम दातांचे. गॅस्केटने फक्त फट बुजवायची असते. गॅस्केट गळते म्हणून दार निसटत नाही, आणि गॅस्केट गळत नाही म्हणून दार सुरक्षित आहे असेही म्हणता येत नाही.

आता गॅस्केट फट कशी बुजवते ते पाहू. आपल्याला वाटते की रबर जितके जोरात आवळावे तितकी गळती कमी. ते काही अंशीच खरे आहे. चांगल्या गॅस्केटची रचना अशी असते की आतला दाबच त्याला फटीवर दाबून बसवतो. चेंबरच्या गॅस्केटला आतल्या बाजूला एक ओठ असतो. त्याचा काप घेतला तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो आणि व्हीचे उघडे तोंड दाबाच्या दिशेला असते. हवा त्या तोंडात शिरते, ओठ पसरवते आणि धातूवर टेकवते. दाब वाढला की ओठ अधिक घट्ट बसतो. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर असाच काम करतो. ज्या कुकरांचे झाकण आतून लागते, त्यांच्यात हीच युक्ती सबंध झाकणालाच वापरली आहे. वाफ झाकणाला वर ढकलते आणि झाकण भांड्याच्या काठाला आतून अधिकच घट्ट चिकटते. त्यामुळे आत दाब असेपर्यंत ते उघडताच येत नाही.

पण या युक्तीत एक अट आहे. दाबाने ओठ पसरायचा असेल तर सुरुवातीला, म्हणजे दाब नसताना, तो धातूला निदान टेकलेला तरी हवा. तो टेकलाच नाही तर हवा त्याच्या बाजूने सरळ निघून जाते, दाब साठत नाही, आणि दाब साठला नाही म्हणून ओठ पसरत नाही. मुलांना आम्ही म्हटले की ही बँकेच्या कर्जासारखी गोष्ट आहे. हाताशी थोडे असेल त्यालाच आणखी मिळते.

याच अटीतून दोषाचे निदान करण्याची पहिली किल्ली मिळते. गळती कोणत्या दाबाला होते? सुरुवातीला गळून दाब चढल्यावर आपोआप थांबत असेल, तर ओठ कडक झाला आहे, झिजला आहे किंवा दार नीट बसत नाही. सुरुवातीला काही नाही आणि चार-पाच किलोंच्या पुढे गळू लागत असेल, तर संशय धातूकडे वळवावा. दात झिजलेत, कडे सैल झाले आहे किंवा दाबाने दार थोडे बाहेर सरकून फट वाढते आहे. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी सारखीच गळत असेल, तर त्या जागेवरच काहीतरी आहे. ओरखडा, खड्डा, कचरा किंवा चीर.

आमच्या चेंबरमध्ये तिसरा प्रकार दिसत होता. मिस्त्रीने चालू खेप पूर्ण झाल्यावर दाब उतरवला, दार उघडले, चेंबर रिकामा केला आणि निवू दिला. मग आम्ही दाराच्या कडेवर खडूने घड्याळाचे आकडे लिहिले. वर १२, खाली ६. दार बंद करून फक्त अर्धा किलो दाब भरला. मुलांना दूर उभे केले. मिस्त्रीने बाजूला उभे राहून लांब दांड्याच्या कुंच्याने फटीवर साबणाचे पाणी लावले. फुगे दोन जागी आले, ६ वर आणि ७ वर. मध्ये साडेसहाच्या जागी काही नव्हते.

आता प्रश्न असा, की दोष रबरात आहे की लोखंडात? याचे उत्तर मिळवायला कोणतेही उपकरण लागत नाही. गॅस्केट अखंड गोल आहे. दाब पूर्ण उतरवून, दार उघडून मिस्त्रीने गॅस्केटवर ६ च्या समोर खडूने खूण केली, ते काढले, पुसले आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवले. आता खुणेची जागा ९ वर गेली. गळतीही ९ कडे गेली तर दोष रबराचा. गळती ६-७ वरच राहिली तर दोष लोखंडाचा. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे. हे आपण पाठ्यपुस्तकात नियंत्रित प्रयोग म्हणून शिकवतो, आणि उदाहरण म्हणून बहुधा कुंडीतले रोप देतो. यापुढे आम्ही हे उदाहरण देऊ.

फुगे पुन्हा ६ आणि ७ वरच आले.

मग विजेरी घेऊन गॅस्केटची खाच पाहिली. खालच्या भागात, बरोबर साडेसहाच्या आसपास, खाचेच्या तळाला काळा टणक थर बसला होता. टायर घासताना जो रबराचा भुगा उडतो, तो चेंबरच्या दाराशी पडत राहतो. त्यात कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर येणारे तेल मिसळते, रोजची उष्णता मिळते आणि त्याचा डांबरासारखा थर होतो. तो तळाशीच साचतो, कारण सगळा कचरा खालीच पडतो. थर जिथे होता तिथे गॅस्केट उचलले गेले होते, म्हणून तिथे ते घट्ट टेकत होते. मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना ते अधांतरी राहत होते. दोन जागी फुगे आणि मध्ये काही नाही, याचे कारण हे होते. साधी गोष्ट आहे, पण दोन महिने कोणी खाच पाहिली नव्हती. जो तो गॅस्केटलाच दोष देत होता.

थर लाकडी पट्टीने खरवडला. स्क्रू-ड्रायव्हर किंवा छिन्नी वापरायची नाही, कारण लोखंडावर ओरखडा उठला तर तो पुढच्या गळतीची वाट होतो. घासकागदही नको. मराठवाड्यात वाफेवर चालणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या खाचेत आणखी एक गोष्ट सापडते, ती म्हणजे पांढरा क्षार. आपल्याकडची जमीन काळ्या कातळाची. बोअर जितके खोल, तितके पाणी बहुधा जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार वाफ जिथून झिरपते तिथे पुटासारखे बसतात. लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणात भिजवलेल्या फडक्याने ते निघतात. नंतर ती जागा साध्या पाण्याने पुसून कोरडी करावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या काळात ज्या गावांना टँकरवर दिवस काढावे लागले त्यांना ठाऊक आहे की दोन टँकरांचे पाणी एकसारखे नसते. ज्याच्याकडे बॉयलर किंवा ऑटोक्लेव्ह आहे त्याने पाण्याची कठिणता अधूनमधून तपासायला हवी. दहावीच्या प्रयोगशाळेत साबणाच्या फेसावरूनही तिचा ढोबळ अंदाज येतो.

खाच साफ झाल्यावर ६ आणि ७ वरचे फुगे बंद झाले. पण गोष्ट इथे संपली नाही. आता सुरुवातीला सगळ्या बाजूंनी बारीक फुगे येत आणि एक किलोच्या पुढे दाब गेला की थांबत. पहिल्या दोषामागे दुसरा दडलेला होता. वर सांगितलेल्या किल्लीने पाहिले तर हे लक्षण कडक झालेल्या ओठाचे.

रबर कडक का होते? व्हल्कनीकरणात आपण रेणूंच्या साखळ्यांमध्ये मोजके पूल बांधतो. पण उष्णता आणि ऑक्सिजन हे काम थांबवत नाहीत. चेंबरमध्ये रोज टायर भाजले जातात, तेव्हा दारातले गॅस्केटही थोडे थोडे भाजले जाते. पूल वाढत जातात, साखळ्यांची हालचाल कमी होते आणि रबर ताठरते. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की असे ऱ्हासाचे वेग दुप्पट होतात. म्हणजे शंभर अंशांना वर्षभर टिकणारे गॅस्केट एकशे वीस अंशांना तीन महिन्यांतच म्हातारे होईल. हा नियम काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरतो. रबराची जातही पाहावी लागते. नायट्राइल रबर तेल सोसते, पण शंभर अंशांच्या वर फार काळ टिकत नाही. ईपीडीएम रबर वाफेला उत्तम, पण खनिज तेल लागले की फुगते. सिलिकोन कोरड्या उष्णतेला दोनशे अंशांपर्यंत दाद देत नाही, पण जास्त दाबाच्या वाफेत कमजोर होत जाते. 'रबर म्हणजे रबर' असे समजून दुकानातून मापाचे गॅस्केट आणले की ते बसते, पण टिकत नाही. आणि ईपीडीएमच्या गॅस्केटला साधे ग्रीस फासणे ही तर स्वतःच्या हाताने केलेली हानी.

मिस्त्रीने आणखी एक पुरावा दिला, तोही आपणहून. मागच्या थंडीत सकाळची पहिली खेप सर्वांत जास्त गळायची आणि दुपारची कमी. तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. हे ऐकून आम्हाला २८ जानेवारी १९८६ ची आठवण झाली. त्या सकाळी अमेरिकेत चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अवकाशवीर मृत्यू पावले. त्याच्या अग्निबाणाच्या सांध्यात रबराचे गोल कडे बसवलेले होते. उड्डाणाच्या वेळी हवा गोठणबिंदूच्या जवळ होती. थंडीने रबर ताठर झाले, फट उघडताच ते पुरेशा वेगाने पसरून तिला बुजवू शकले नाही आणि गरम वायू बाहेर पडले. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सर्वांसमोर त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला आणि बाहेर काढून दाखवले, की तो लगेच पूर्ववत होत नाही. रेणापूरची डिसेंबरची सकाळ फ्लोरिडाच्या त्या सकाळीइतकी थंड नसते हे खरे. पण आधीच ताठरलेल्या रबराला तेवढी थंडीही पुरते.

आता त्या ट्यूबच्या पट्टीकडे वळू. इथे आमचे मन खरोखर अस्वस्थ झाले.

गॅस्केट गळते म्हणून त्याच्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी घातली, की गॅस्केट वर येते आणि काही दिवस गळती थांबते. पण त्यामुळे दार पूर्वीइतके आत बसत नाही. दार आत बसले नाही की लॉक रिंग पूर्ण फिरत नाही. आम्ही पाहिले तेव्हा कड्यावरचा बाण चेंबरवरच्या रेघेपासून दोन बोटे अलीकडे थांबत होता. या कड्याला एक सुरक्षा-खिटी असते. कडे पूर्ण फिरले तरच ती भोकात उतरते, आणि ती उतरल्याशिवाय हवा भरता येत नाही. कडे पूर्ण फिरत नसल्याने खिटी उतरत नव्हती, म्हणून कोणीतरी ती तारेने बांधून ठेवली होती. हंगाम तोंडावर, टायरांचा ढीग दारात, आणि कोणाचेच काही वाकडे झालेले नव्हते. गळतीचा त्रास टाळायला केलेल्या उपायाने दातांची पकड कमी झाली होती आणि ती कमी झाली आहे हे सांगणारा एकमेव पहारेकरी बांधून टाकला होता.

फरशीवरचा १०६ टनांचा आकडा अजून पुसला नव्हता. नववीतल्या एका मुलीने त्याच्या शेजारी विचारले, "सर, मग दात निसटले तर?" आम्ही तोही हिशेब केला. चेंबर पाच मीटर लांब धरला तर त्यात सुमारे पावणेनऊ घनमीटर हवा बसते. ६ किलो दाबाची एवढी हवा एकदम सुटली तर तिच्यातून सुमारे साडेसहा दशलक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. दहा टनांचा ट्रक ताशी सव्वाशे किलोमीटर वेगाने धावत असेल तर त्याच्यात जवळजवळ एवढीच ऊर्जा असते. वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये तळाशी गरम पाणी असेल तर स्थिती याहून वाईट. १२ किलो दाबाखाली १९० अंशांच्या आसपास असलेले पाणी उघड्यावर आले की त्याचा सुमारे सहावा हिस्सा क्षणात वाफ होतो, आणि एका लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. म्हणूनच अशी भांडी तपासताना त्यांत हवा न भरता थंड पाणी भरून दाब देतात. पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. भांडे फुटलेच तर पाण्याची धार येते आणि दाब लगेच संपतो.

शेडच्या मालकाने हे सगळे ऐकले. आम्हाला वाटले होते तो चिडेल. तो थोडा वेळ आकड्याकडे पाहत राहिला आणि मिस्त्रीला म्हणाला, पट्टी काढ, तार तोड, नवं गॅस्केट येईपर्यंत चेंबर बंद. चार दिवसांचे काम बुडाले. हंगामाच्या तोंडावर चार दिवस म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या वाक्याची किंमत कळेल.

दाब 'शून्य' झाला म्हणजे काय, हेही सांगायला हवे. दहा किलोपर्यंतच्या दाबमापकावर ०.१ किलो दाब असेल तर काटा शून्याला चिकटलेलाच दिसतो. पण १७,६७० चौरस सेंटिमीटरच्या दारावर त्याचा रेटा होतो पावणेदोन टन. एवढ्या जोराने उघडणारे दार समोरच्या माणसाला दूर फेकते. म्हणून दाराशी एक लहान तोटी असते. दार उघडण्यापूर्वी ती उघडायची, आणि तिच्यातून श्वासाइतकीही हवा येत नसेल तेव्हाच कड्याला हात लावायचा. ती तोटी भुग्याने बुजली तर ती खोटे बोलते, म्हणून तीही साफ ठेवायची. दार दाबाखाली असताना गळती थांबवण्यासाठी कड्याला हातोडा मारणे हा प्रकार आम्ही एकाहून जास्त ठिकाणी ऐकला आहे. तो कधीही, कोणत्याही कारणाने करू नये.

रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हविषयी थोडेसे, कारण अनेक शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून हाच प्रश्न येतो. डेनिस पापँ याने १६७९ मध्ये हाडे शिजवणारे दाबपात्र बनवले आणि त्याला सुरक्षा झडपही जोडली. त्याला बरोबर दोनशे वर्षे झाली तेव्हा, १८७९ मध्ये, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने त्यातून निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह घडवला. त्यात १२१ अंशांना १५ मिनिटे, दाब दर चौरस इंचाला १५ पौंड, हे समीकरण आपण पाठ करतो. पण जंतू मारते ती उष्णता, दाब नव्हे. दाब हे त्या उष्णतेचे मोजमाप आहे, आणि तेही आत फक्त वाफ असेल तरच. हवा आत राहिली तर दाबमापक तेच १५ दाखवतो आणि तापमान मात्र कमी राहते. निम्मी हवाच बाहेर गेली असेल तर ते ११२ अंशांच्या आसपास अडकते. शिवाय आपण समुद्रकिनाऱ्यावर नाही. लातूर-रेणापूरचा भाग पाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचाच दाब थोडा कमी, म्हणून मापकावर १५ दिसले तरी वाफ १२० अंशांचीच असते. हा एक अंशाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण जंतूनाशाच्या हिशेबात इथली १५ मिनिटे तिथल्या १२ मिनिटांइतकीच भरतात. गॅस्केट गळून तापमान आणखी दोन-चार अंश उतरले, तर कात्र्या आणि कापूस गरम होऊन बाहेर येतात, निर्जंतुक होऊन येतीलच असे नाही. त्यामुळे मापकाबरोबर तापमापकही पाहावा, आणि आत रंग बदलणारी पट्टी ठेवावी.

शाळेत करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. कुकरची एक नवी आणि एक जुनी रिंग घ्या. दोन्हींचे बोटाएवढे तुकडे कापून त्यांची जाडी मोजा. प्रयोगशाळेत व्हर्नियर असतोच. दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये ते ठेवून बोल्टने इतके आवळा की जाडी पाऊण होईल. हा सांचा दिवसभर गरम पाण्यात ठेवा, मग काढून, सोडवून, अर्ध्या तासाने जाडी पुन्हा मोजा. समजा, तुकडा मूळ १० मिलिमीटर होता, आवळून साडेसात केला आणि सोडल्यावर ९ झाला. अडीच मिलिमीटर दाबले, त्यातले एक मिलिमीटर परत आले नाही, म्हणजे चाळीस टक्के 'बसला'. हा आकडा जितका जास्त, तितके ते रबर फट बुजवायला नालायक. एक सूचना: कापलेल्या रिंगा पुन्हा कोणाच्या घरी कुकरवर जाणार नाहीत एवढे पाहा. आमच्याकडे एकदा एका मुलाने तुकडा काढून उरलेली रिंग घरी नेली होती, आणि त्याच्या आजीने शाळेत येऊन आमची चांगली हजेरी घेतली.

रेणापूरच्या चेंबरचे नवे गॅस्केट पाचव्या दिवशी बसले. बाण रेघेवर आला, खिटी आपोआप भोकात पडली आणि साबणाच्या पाण्याला कुठेच फुगा आला नाही. जुने गॅस्केट मिस्त्रीने आम्हाला दिले. ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगले आहे. खडूची ६ आकड्याची खूण त्याच्यावर अजून आहे, आणि ते हाताने वाकवले की ओठावर बारीक आडव्या भेगा उघडतात.